एन्ड्युरन्स रेसिंग ड्रायव्हर

चार, सहा, बारा किंवा चोवीस तास चालणाऱ्या मोटार शर्यतींत दोन-तीन साथीदारांसह एकच गाडी आळीपाळीने चालवणारा व्यावसायिक चालक म्हणजे एन्ड्युरन्स ड्रायव्हर. फॉर्म्युला वनच्या चालकाची गाडी त्याच्या एकट्याची असते. एन्ड्युरन्सवाल्याच्या वाट्याला बहुधा तिसरा हिस्सा येतो: सीटची बैठक तिघांना चालेल अशी, ब्रेकची जुळणी तिघांच्या तडजोडीतून ठरलेली आणि विजेत्यांच्या फलकावर तीन नावे. त्यामुळे या पेशात नुसता वेग विकून भागत नाही. गाडी जशी हाती आली तशीच, धडधाकट, पुढच्याच्या हवाली करण्याची हमी इथे विकली जाते. ज्यांची कारकीर्द वीस-वीस वर्षे टिकली, ती या हमीवरच टिकली.

सोलापूरकराला यातले मर्म समजावून सांगावे लागत नाही. पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर हे दोन मोठे रस्ते या शहरात एकमेकांना भेटतात, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकवरचा ‘डबल ड्रायव्हर’ इथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातला आहे. एक चालवतो, दुसरा मागच्या फळीवर झोपतो, आणि ज्याच्या हातून गाडीला ओरखडा येतो त्याला मालकापेक्षा जोडीदारच जास्त बोलतो.

शर्यती

या पेशाची काशी म्हणजे फ्रान्समधील ल माँ. तिथली चोवीस तासांची शर्यत १९२३ मध्ये सुरू झाली. १९३६ आणि महायुद्धाच्या आसपासची वर्षे वगळता ती आजतागायत चालू आहे. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा असून त्याचा मोठा भाग एरवी वाहतुकीला खुला असलेला सार्वजनिक रस्ता आहे. २०१० मध्ये विजेत्या ऑडीने चोवीस तासांत ३९७ फेऱ्या, म्हणजे ५,४१० किलोमीटर अंतर तोडले.

२०१२ पासून एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक महासंघाची एन्ड्युरन्स मालिका भरते. ल माँ हा तिचाच एक टप्पा आहे. २०२४ च्या हंगामात कतार, इमोला, स्पा, ल माँ, साओ पाउलो, ऑस्टिन, फुजी आणि बहारीन अशा आठ शर्यती होत्या. याशिवाय अमेरिकेत जानेवारीत डेटोनाचे चोवीस तास आणि मार्चमध्ये सेब्रिंगचे बारा तास, बेल्जियममध्ये स्पाचे चोवीस तास, जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या पंचवीस किलोमीटरच्या डोंगरी वळणांवरचे चोवीस तास, ऑस्ट्रेलियात बाथर्स्टचे बारा तास. पोट भरण्यासाठी चालक यातल्या दोन-तीन मालिका एकाच वर्षी धरतो. त्याची बॅग क्वचितच रिकामी होते.

एकट्याने चालवण्याचा मोह

सुरुवातीच्या काळात साथीदार असूनही जवळजवळ सगळी शर्यत एकट्याने ओढणारे चालक होते. १९५० मध्ये ल माँला फ्रान्सच्या लुई रोझिएने विजेती टॅल्बो गाडी बहुतेक वेळ स्वतःच चालवली. मुलगा ज्याँ-लुई सोबतीला होता, पण त्याच्या वाट्याला जेमतेम दोन फेऱ्या आल्या. दोन वर्षांनी पिएर लव्हेघने तोच हट्ट धरला. साथीदाराला स्टीअरिंगचे चक्र द्यायला नकार देत तो आघाडीवर राहिला, आणि शर्यत संपायला तासाभराचा अवधी असताना इंजिन गेले. विजय मर्सिडीजला मिळाला. थकलेल्या हाताने गिअर चुकला की इंजिनात आधीपासून दोष होता, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला त्या वादापेक्षा त्याचा नकार महत्त्वाचा वाटतो. आजच्या नियमांत तो बसणारच नाही: ल माँला कोणत्याही सहा तासांत चार तासांहून जास्त आणि एकूण चौदा तासांहून जास्त वेळ एका चालकाला गाडी चालवता येत नाही.

हाच लव्हेघ १९५५ मध्ये मर्सिडीजच्या संघातून उतरला आणि त्याच्या गाडीचे तुकडे प्रेक्षकांत जाऊन ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो स्वतःही वाचला नाही. मोटार शर्यतींच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात.

सुरक्षेच्या बाबतीत एका चालकाला काय करता येते, याचे उदाहरण १९६९ च्या ल माँचे आहे. तेव्हा चालक ट्रॅक ओलांडून पळत गाडीकडे जात आणि घाईत पट्टे न बांधताच सुटत. जॅकी इक्स मुद्दाम चालत गेला, पट्टे नीट बांधले आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. चोवीस तासांनी तोच जिंकला, तेही शे-सव्वाशे मीटरच्या फरकाने. पुढच्या वर्षी पळत सुटण्याची पद्धत बंद झाली. इक्सने ही शर्यत एकूण सहा वेळा जिंकली.

कामाचे स्वरूप

पेट्रोलच्या एका टाकीवर जितका वेळ गाडी चालते त्याला स्टिंट म्हणतात. वरच्या वर्गातील गाडीचा स्टिंट साधारण पाऊण तासाचा. चालक सलग दोन-तीन, कधी चार स्टिंट करतो, मग उतरतो. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघाच्या थांब्यावर, गाडी थांबली की उतरणारा बाहेर येऊन आत बसणाऱ्याचे पट्टे ओढून देतो, रेडिओची वायर आणि पाण्याची नळी जोडून देतो. ही अदलाबदल कारखान्याच्या आवारात शेकडो वेळा घोटलेली असते, कारण तिथे गेलेले पाच सेकंद ट्रॅकवर परत मिळवायला अनेक फेऱ्या लागतात. चक्र हातात देताना सांगायची माहितीही मोजकी: कोणता टायर घसरतोय, कुठे तेल सांडले आहे, कोणती मंद गाडी आरसा पाहत नाही.

मंद गाड्या हा या खेळाचा गाभा आहे. ल माँला हायपरकार (सर्वांत वेगवान), एलएमपी-२ (खास शर्यतीसाठी बांधलेल्या) आणि एलएमजीटी-३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बेतलेल्या, थोडक्यात जीटी) असे तीन वर्ग एकाच वेळी धावतात, आणि त्यांच्या वेगात मोठी तफावत असते. हायपरकारचा चालक शर्यतभर कुणाला ना कुणाला ओलांडतच असतो. जीटीच्या चालकाला पुढे बघत मागचे दिवे जोखावे लागतात. अंगावर येणाऱ्या गाडीला वळणाच्या आत वाट द्यायची की बाहेर, हा निर्णय रात्री तीन वाजता, पावसात, अर्ध्या सेकंदात घ्यायचा असतो. फेरीचा सर्वोत्तम वेळ काढणारे तरुण पुष्कळ मिळतात. गर्दीतून वाट काढताना कमीत कमी वेळ गमावणारे थोडे, आणि संघांचे व्यवस्थापक त्यांनाच शोधत असतात.

उष्णता हा दुसरा शत्रू. बंद केबिन, जवळच तापलेले इंजिन, आगरोधक कपड्यांचे थर आणि हेल्मेट, यात एका लांब पाळीत दोन-तीन लिटर घाम जाऊ शकतो. युरोपातले चालक यासाठी सौनात, म्हणजे तापवलेल्या खोलीत, बसून शरीर सरावाला लावतात. एप्रिल-मे महिन्यांत बेचाळीस-चव्वेचाळीस अंश सोसणाऱ्या सोलापूरच्या पोराला त्या सरावाचे पैसे तरी वाचतील. पार्क मैदानाला दुपारी दोन वाजता चार चकरा पुरेत. (डॉक्टरला विचारल्याशिवाय हे करू नये.) मानेचे आणि खांद्याचे स्नायू, झोपेचे तुकडे पाडून घेण्याची सवय आणि पोटाला जड न होणारे खाणे, यावर उरलेली तयारी उभी असते. कोलाहलात वीस मिनिटे गाढ झोपता येणे हे या पेशातले खरेखुरे कौशल्य मानले जाते.

यंत्राची बेइमानी मात्र कुणाच्या हातात नसते. २०१६ च्या ल माँमध्ये काझुकी नाकाजिमा टोयोटात आघाडीवर होता आणि अवघी काही मिनिटे उरली असताना गाडीची ताकद गेली. ती सुरुवातीच्या रेषेपाशीच थांबली आणि पोर्शे जिंकली. नाकाजिमाने पुढे २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे ल माँ जिंकले.

श्रेणी आणि पैसा

बाहेरच्याला सर्वांत कमी ठाऊक असलेला आणि चालकाच्या घरखर्चाशी थेट जोडलेला भाग हा. एफआयए प्रत्येक चालकाला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर किंवा ब्राँझ अशी श्रेणी देते; प्लॅटिनम सर्वांत वरची, ब्राँझ हौशी चालकांची. हायपरकारमध्ये ब्राँझला प्रवेश नाही. उलट जागतिक मालिकेतल्या एलएमजीटी-३ च्या प्रत्येक गाडीत एक ब्राँझ चालक असावाच लागतो. हा ब्राँझ बहुधा चाळिशी-पन्नाशीचा उद्योजक असतो. शर्यत त्याचा छंद असतो आणि गाडीचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः त्याच्या खिशातून येतो. त्याच गाडीतल्या व्यावसायिकाचा पगारही तिथूनच निघतो.

म्हणून व्यावसायिकाचे अर्धे काम शिकवण्याचे असते. शेठला ब्रेक कुठे मारायचा हे त्याचा मान राखून सांगणे, त्याने घालवलेला वेळ स्वतःच्या पाळीत कुरकुर न करता भरून काढणे, रात्री त्याच्या पाहुण्यांसोबत जेवणे. काहींना यात कमीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. गाण्याच्या बैठका आणि कुस्तीचे आखाडे पदरच्या पैशाने पोसणारे शौकीन आपल्याकडेही होतेच, आणि त्यांच्यामुळे गवई किंवा मल्ल लहान झाला नाही.

श्रेणीचा एक विचित्र परिणाम सिल्व्हरच्या बाबतीत दिसतो. नियमाने कमी दर्जाचा चालक घ्यावा लागत असल्याने, गोल्डइतक्या वेगाचा पण कागदावर सिल्व्हर असलेला तरुण सर्वांना हवा असतो. तो जिंकू लागला की त्याला गोल्ड मिळते आणि त्याची मागणी एका रात्रीत घटते. बढतीमुळे नोकरी जाण्याचा असा प्रकार दुसऱ्या खेळात क्वचितच सापडेल.

सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे कंपनीचा वर्क्स ड्रायव्हर. पोर्शे, फेरारी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांसारख्या कंपन्या चालकांना पगारावर ठेवतात आणि आपल्या गाड्या विकत घेणाऱ्या खासगी संघांना ते शर्यतीपुरते देतात. बाकीचे एका-एका हंगामाच्या, कधी एकाच शर्यतीच्या करारावर जगतात. फोन कधी येईल याचा नेम नसतो. डेन्मार्कच्या टॉम क्रिस्टेन्सनला १९९७ मध्ये जखमी चालकाच्या जागी शर्यतीच्या थोडेच दिवस आधी बोलावणे आले; तो पहिल्याच प्रयत्नात ल माँ जिंकला. पुढे २००० ते २००५ सलग सहा, मग २००८ आणि २०१३, असे त्याचे नऊ विजय झाले. शेवटच्या वेळी तो पंचेचाळीस वर्षांचा होता. फॉर्म्युला वनमधून बाहेर पडलेल्यांना या पेशाकडे वळावेसे वाटते त्याचे एक कारण हेच वय आहे. २०२३ च्या फेरारी विजयातला अँतोनियो जोव्हिनाझी आणि २०२५ चा रॉबर्ट कुबित्सा त्याच वाटेने आले.

स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग नाही. सारा बोव्ही, मिशेल गॅटिंग आणि राहेल फ्राय यांच्या ‘आयर्न डेम्स’ संघाने २०२३ मध्ये बहारीनला आपल्या वर्गात पुरुषांच्या संघांना मागे टाकून पहिला क्रमांक मिळवला.

भारतीय चालक

नारायण कार्तिकेयन २००९ मध्ये ल माँला पोहोचला, पण शर्यतीच्या दिवशी पिटच्या भिंतीवरून उतरताना पडून त्याचा खांदा निखळला आणि गाडी उरलेल्या दोघांनी चालवली. ल माँमध्ये प्रत्यक्ष धावलेला पहिला भारतीय ठरला तो करुण चांढोक. २०१२ मध्ये डेव्हिड ब्रॅबहॅम आणि पीटर डमब्रेक यांच्यासह त्याची गाडी एकूण सहावी आली. अर्जुन मैनी २०१९ मध्ये एलएमपी-२ वर्गात उतरला आणि नंतर मर्सिडीजच्या जीटी गाड्यांकडे गेला. २०२१ च्या आशियाई ल माँ मालिकेत ‘रेसिंग टीम इंडिया’ या नावाने कार्तिकेयन, मैनी आणि नवीन राव यांनी एकत्र गाडी चालवली. ही मालिका हिवाळ्यात आखाती देशांत आणि मलेशियात भरते. तिच्या विजेत्यांना ल माँचे आमंत्रण मिळत असल्याने आशियातल्या चालकासाठी ती मागची नव्हे, पुढचीच दारे उघडते.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगु घरांतून या खेळाचे नाव अलीकडे ऐकू येते ते वेगळ्याच कारणाने. सिकंदराबादेत जन्मलेला दाक्षिणात्य चित्रपटांचा नट अजित कुमार याने स्वतःचा संघ काढला आणि जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या चोवीस तासांत तो संघ आपल्या वर्गात तिसरा आला. छंदापायी पदरचा पैसा घालणाऱ्या चालकाचे याहून ठळक भारतीय उदाहरण नाही.

सोलापूरहून जाणारी वाट

शहरात कायमस्वरूपी रेसिंग ट्रॅक नाही. सुरुवात सात-आठ वर्षांच्या वयात कार्टिंगने होते, आणि त्यासाठी सर्वांत जवळची ओळखीची जागा कोल्हापूर. तिथे मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक उभा राहिला, आणि त्याच शहरातला कृष्णराज महाडिक पुढे ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. कार्टनंतरची पायरी दक्षिणेत आहे: कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. सोलापूर मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर असल्याने चेन्नईला थेट गाडी मिळते. घरातून निघणारा पैसा मात्र तितका थेट मिळत नाही. परवाना एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाकडून घ्यावा लागतो. परदेशी शर्यतीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना, वैद्यकीय तपासणी आणि आधीच्या शर्यतींची नोंद लागते.

चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावात मुलाच्या टायरवर दरमहा खर्च करणारे पालक मोजकेच निघणार. कोल्हापूरशी तुलना इथेच संपते. पण गाडीच्या पोटात मात्र सोलापूर कधीचेच बसले आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही इथली कंपनी देश-विदेशांतल्या मोटार उत्पादकांसाठी कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारा दांडा, बनवते, आणि तिथे मायक्रॉनमध्ये माप घेणारे हात शेकड्यांनी तयार झाले आहेत. एका गाडीमागे ड्रायव्हर तीन असतील, तर इंजिनिअर, मेकॅनिक, टायरवाले आणि आकडे वाचणारे त्याच्या कितीतरी पट लागतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेली गाडी घेऊन ज्या बाहा स्पर्धेला जातात, तिची शेवटची परीक्षा चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते. तिथेही चालक मध्येच बदलता येतो, आणि बहुतेक गाड्या वेगात कमी पडून नव्हे तर सस्पेन्शनचा एखादा जोड तुटून बाद होतात. सोलापूरचा माणूस ल माँच्या पिटमध्ये पहिल्यांदा दिसला, तर तो हेल्मेटऐवजी हेडफोन घातलेला असण्याची शक्यता जास्त आहे.