भाद्रपदात तळाशी श्वास कोंडतो

भर पावसात हर्णैच्या किंवा मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून उसळलेला समुद्र पाहिला, तर या पाण्यात ऑक्सिजनची टंचाई असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. वरच्या थरात ती नसतेच, कारण वारा आणि लाटा हवा सतत पाण्यात घुसळत असतात. टंचाई असते ती खाली, आणि नेमकी याच दिवसांत.

अरबी समुद्राच्या पोटात, साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर, ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या पाण्याचा जाड थर कायमचा आहे. उत्तरेला जमीन असल्यामुळे तिकडून थंड, ताजं पाणी येत नाही. वर वाढलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मरून खाली जातं आणि ते कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हे खालचं थंड पाणी पश्चिम किनाऱ्यालगत वर सरकतं. त्याच वेळी मुसळधार पावसाचं आणि सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. ते हलकं असल्यामुळे वरची हवा खाली मिसळत नाही.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९७ पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरावीक जागी पाणी तपासत आले आहेत. ऑक्सिजन मोजायची मूळ पद्धत १८८८ सालची, विंकलर यांची. बुडबुडा राहू न देता काचेची बाटली काठोकाठ भरायची, त्यात मँगनीजचा क्षार आणि आयोडाइड मिसळलेलं अल्कली घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथल्या तळाजवळच्या पाण्यात काही वेळा ऑक्सिजन तर नसतोच, वर हायड्रोजन सल्फाइड सापडतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तो याच वायूचा.

हे चक्र माणसाने सुरू केलेलं नाही. पण ते ज्या समुद्रात चालतं तो आता तापतो आहे. २० अंशांचं खारं पाणी लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरून ठेवतं. ३० अंशांचं जेमतेम ६.२. शिवाय वरचा थर जितका गरम, तितका तो खालच्या पाण्यात मिसळायला नाखूश. १९६० पासूनच्या सुमारे पन्नास वर्षांत जगभरच्या महासागरांतला ऑक्सिजन २ टक्क्यांहून अधिक घटल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सरासरी म्हणून हा आकडा किरकोळ वाटतो. पण जिथे मुळातच काठावर निभावतं, तिथे थोडी घटही जड जाते, आणि आपला समुद्र तसाच आहे. शहरांचं सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारी खतं त्यात भर घालतात.

ऑक्सिजन संपला की जिवाणू पाण्यातल्या नायट्रेट या नत्राच्या क्षारावर गुजराण करू लागतात. त्यातून नायट्रस ऑक्साइड तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. पश्चिम किनाऱ्यालगत पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याचं प्रमाण खूप वाढतं, हे सन २००० मध्येच दाखवलं गेलं आहे. म्हणजे तापमानवाढीने गुदमरलेला समुद्र उलट तापमानवाढीलाच हातभार लावू शकतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मासळीची. कोळंबी, लेप, खेकडे तळाशी राहणारे. ऑक्सिजन उतरला की ज्यांना पळता येतं ते किनाऱ्याकडे किंवा वर सरकतात, बाकीचे मरतात. कोचीसमोर तळाची मासळी अशा पाण्यामुळे हटते, हे समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्से यांनी १९५९ मध्येच नोंदवलं होतं. हटलेली मासळी थोड्या जागेत दाटीवाटीने राहते आणि जाळ्यात सहज सापडते. मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते, होड्या समुद्रात जातात, तेव्हा खाली हेच पाणी पसरत असतं. अशा वेळी टोपल्या भरून आल्या, तर मासा वाढला असं समजायचं की तो कोंडीत सापडला? नुसत्या वजनावरून ते कळणार नाही. म्हणून बंदरावर उतरलेल्या मासळीची नोंद होते तशी त्याच आठवड्यात, त्याच पट्ट्यात तळाच्या ऑक्सिजनची नोंदही व्हायला हवी. पाण्यात सोडायचे संवेदक आता उपलब्ध आहेत, दोन-चार ट्रॉलरवर ते बसवणं अशक्य नाही. हिवाळ्यात किनाऱ्याचे प्रवाह उलटतात आणि तळाला पुन्हा ऑक्सिजन मिळतो. तोवर किती आठवडे गेले, ते दरवर्षी बंदरागणिक लिहून ठेवायला हवं.