वाचायला-लिहायला शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठी सहाय्यक तंत्रज्ञान

सहाय्यक तंत्रज्ञान म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर लगेच टॅबलेट नाहीतर डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं एखादं महागडं मशीन येतं. पण पेन्सिलीला चार रबरबँड गुंडाळले, बोटं घसरायची थांबली आणि पोराला ‘क’ काढता आला, तर ते रबरबँडसुद्धा सहाय्यक तंत्रज्ञानच. अपंगत्वामुळे जे काम अडतं ते करता यावं म्हणून वापरलेली कुठलीही वस्तू किंवा सॉफ्टवेअर यात येतं, चष्मासुद्धा येतो, आणि ती वस्तू कुठली घ्यायची, कशी बसवायची, मुलाला आणि त्याच्या बाईंना वापरायला कोण शिकवणार, बिघडली तर कोण बघणार हे सगळंही त्यातच मोडतं. हा दुसरा भाग लोक विसरतात आणि बहुतेक घोळ तिथंच होतात.

आकडे सांगायचे तर युनिसेफने २०२१ मध्ये जगभरातल्या दिव्यांग मुलांची संख्या जवळपास २४ कोटी सांगितली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालात असं आहे की २५० कोटींहून जास्त लोकांना किमान एका तरी साधनाची गरज आहे, त्यातल्या जवळपास १०० कोटींना ते मिळत नाही, आणि काही गरीब देशांत तर गरज असलेल्या शंभरातल्या तिघांपर्यंतच ते पोचतं.

नेमकं अडतंय कुठे

साधन निवडायच्या आधी हे बघावं लागतं, आणि त्यासाठी १९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या संशोधकांनी मांडलेलं एक साधं सूत्र अजून कामाला येतं. वाचन म्हणजे अक्षरं ओळखून शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही, म्हणजे दोन्हीपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. डिस्लेक्सिया (अक्षरांतून शब्द वाचणंच जड जातं ती अडचण) असलेल्या मुलीला धडा वाचून दाखवला तर ती सगळी उत्तरं फटाफट देते पण तोच धडा स्वतः वाचायचा म्हटलं की दुसऱ्या ओळीतच अडकते, तिचं उलगडणं अडलंय, तिला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोठाच आधार देतं. याउलट एखादं मूल घडाघडा वाचतं पण काय वाचलं ते सांगता येत नाही, त्याला हेच सॉफ्टवेअर दिलं तर काहीही फरक पडणार नाही, कारण त्याचं अडतंय ते दुसऱ्याच ठिकाणी. दोघांच्या फाइलवर ‘वाचनात मागे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि दोघांना सारखंच अॅप टाकून दिलं जातं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मुलाला वाचायला शिकवत नाही, ते अडथळा ओलांडून देतं. इतिहास-भूगोल बुडू नये म्हणून ते हवंच, पण त्याच्या जोडीला अक्षर-ध्वनी शिकवणं चालू ठेवावं लागतं. ‘कुबडीची सवय लागेल’ म्हणून साधनच न देणारे आणि ‘आता साधन आहे ना’ म्हणून शिकवणंच बंद करणारे, दोघेही मुलाचं सारखंच नुकसान करतात.

ब्रेल

अंध माणसांना बोटांनी वाचता येणारी ठिपक्यांची लिपी काढणाऱ्या लुई ब्रेलचा जन्म १८०९ चा, फ्रान्समधला. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कामाच्या खोलीत खेळता खेळता टोकदार हत्यार डोळ्यात गेलं आणि नंतर संसर्गाने दुसराही डोळा गेला. त्याच्या आधी शार्ल बार्बिए नावाच्या माणसाने उठावाच्या ठिपक्यांची एक पद्धत काढली होती पण त्यात एकेका चिन्हाला बारा ठिपक्यांपर्यंत जागा होती, बोटाच्या टोकाखाली एवढं मावत नाही, बोट वरखाली फिरवत बसावं लागतं. ब्रेलने ते सहावर आणलं, एका स्पर्शात पूर्ण अक्षर, आणि १८२९ मध्ये पद्धत छापून प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांतून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात, रिकामी जागा धरली तर ६४.

ब्रेल पाटीवर लिहिताना मूल उजवीकडून डावीकडे लिहितं, कारण टोकदार टोचा कागदाच्या मागच्या बाजूने दाबायचा आणि ठिपके कागदाच्या दुसऱ्या बाजूला वर येणार. म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं टोचतं, मग कागद काढून पालटतं आणि डावीकडून उजवीकडे सुलटं वाचतं, आणि हे सगळं त्याला पाठ असतं. चूक झाली तर ती लिहिताना कळत नाही, पालटल्यावरच कळते. १९५१ मध्ये आलेल्या पर्किन्स ब्रेलरने ही अडचण सोडवली, सहा ठिपक्यांना सहा बटणं, अक्षर दाबलं की ते तिथल्या तिथे बोटाने तपासता येतं, म्हणून लहान मुलांची सुरुवात बऱ्याचदा यावरच करतात. मशीन जड आहे आणि खटखट करतं, पण त्याला ना वीज लागते ना चार्जिंग.

देवनागरी ज्यात लिहितात ते भारती ब्रेलही १९५१ मध्येच ठरलं. त्यात ‘क’ म्हणजे डाव्या उभ्या ओळीतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा ठिपका, इंग्रजी ‘के’सारखाच. गंमत म्हणजे छापील ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि ‘क’ नंतर, ब्रेलमध्ये आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’, जसं तोंडाने म्हणतो तसं. डोळस मुलं पहिली वेलांटी कुठे काढायची यात वर्षभर गोंधळतात, ब्रेल शिकणाऱ्या मुलाला तो प्रश्नच येत नाही.

आता सगळं ऐकायला मिळतं तर ब्रेल कशाला, असं हल्ली सारखं विचारतात. ऐकून गोष्ट कळते, शब्द कसा लिहायचा ते कळत नाही. ‘पाणी’ची वेलांटी पहिली की दुसरी, ‘आणि’ची कुठली, हे कानाला कळायला मार्गच नाही. परिच्छेद कुठे तुटतो, अवतरणचिन्ह कुठे येतं, गणितात कंस कुठे सुरू होऊन कुठे संपतो, हे हाताखाली यावं लागतं. फक्त ऐकून मोठं झालेलं मूल हुशार असतं पण त्याचा लिहिलेला परिच्छेद बघितला की ही उणीव लगेच लक्षात येते. ब्रेल पुस्तकं मात्र भयंकर जाड होतात, एका छापील पुस्तकाचे कितीतरी खंड. त्यावर उतारा म्हणून ब्रेल डिस्प्ले आले, एका ओळीत छोट्या पिना वरखाली होतात आणि फाइल बोटाखाली उमटत जाते. पिना हलवायची यंत्रणा महाग म्हणून डिस्प्ले महाग, ऑर्बिट रीडर २० हा वीस अक्षरांचा डिस्प्ले मुद्दाम ती किंमत खाली आणण्यासाठीच बनवला गेला.

स्क्रीन रीडर आणि फाइलींचं दुखणं

१९७६ मध्ये रे कर्झवाइल यांनी छापील पान स्कॅन करून मोठ्याने वाचणारं मशीन आणलं, आकार वॉशिंग मशीनएवढा, सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत गायक स्टीव्ही वंडर होते. आज तेच काम खिशातला फोन करतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि नंतर त्यांच्याबरोबर जेम्स टेह, दोघेही अंध, यांनी एनव्हीडीए हा फुकट आणि खुला स्क्रीन रीडर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर बोलून सांगणारं सॉफ्टवेअर, बनवला. २००९ मध्ये आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर नावाचा स्क्रीन रीडर आला आणि गुळगुळीत काच, जिच्यावर बोटाला काहीच लागत नाही, तीही अंध मुलांना वापरता यायला लागली.

पण स्क्रीन रीडर वाचणार काय? पुस्तकाची पानं फोटो काढून पीडीएफ केलेली असतील तर त्यात अक्षर एकही नाही, नुसतं चित्र. मराठीत आणखी एक खास त्रास, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना व्यवस्थित मराठी दिसते पण आत सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यामुळे ‘शाळा’ऐवजी कानावर टक्के, कंस, स्वल्पविराम असलं काहीतरी पडतं. पुस्तकातल्या आकृतीला वर्णन लिहिलेलं नसेल तर मुलाला फक्त ‘इमेज’ एवढंच ऐकू येतं आणि खाली प्रश्न असतो, आकृतीचं निरीक्षण करून उत्तर द्या. हे टाळायला पैसा लागत नाही, फाइल बनवणाऱ्याने पाच मिनिटं लक्ष द्यायला हवं बस.

बोलणाऱ्या पुस्तकांसाठी १९९६ मध्ये डेझी नावाचा संस्थांचा गट तयार झाला. साध्या रेकॉर्डिंगमध्ये धडा शोधायचा म्हणजे पुढेमागे करत बसायचं, डेझी पुस्तकात थेट धड्यावर किंवा पानावर उडी मारता येते, बाई ‘पान बेचाळीस काढा’ म्हणाल्या की अंध मूलही बाकीच्यांबरोबरच तिथं पोचतं. कायद्याची अडचण वेगळी होती, कॉपीराइटमुळे अशा प्रती बनवणं आणि दुसऱ्या देशात पाठवणं अडायचं, त्यावर २०१३ मध्ये अशा प्रतींना मोकळीक देणारा माराकेश करार झाला आणि तो ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला.

बोलता न येणारी मुलं आणि वर्णमाला

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) किंवा ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या ज्या मुलांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचे बोर्ड आणि बोलणारी उपकरणं असतात. चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ मध्ये जगभराची भाषा म्हणून एक चिन्हपद्धत मांडली होती, ती जगाने काही घेतली नाही, पण १९७१ मध्ये टोरंटोमधल्या शिक्षिकांनी ती बोलू न शकणाऱ्या मुलांबरोबर वापरली आणि मुलं चिन्हं जोडून वाक्यं करायला लागली.

चित्रांची एक मर्यादा आहे. बोर्डावर कुठली चित्रं ठेवायची ते मोठी माणसं ठरवतात, म्हणजे मुलाला काय बोलता येणार हेही तेच ठरवतात. पाणी, शू, भूक, खेळ, झोप. ‘दादा खोटं बोलतोय’ हे चित्र कुणीच ठेवत नाही. अक्षरं आली की हे कुंपण मोडतं, म्हणून बोलता न येणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं जास्तच गरजेचं, आणि नेमकं त्यालाच ‘याला काय उपयोग’ म्हणून वगळतात.

पेन्सिल धरता येत नसेल तर अक्षर निवडायची दुसरी कुठलीतरी तऱ्हा हीच त्याची पेन्सिल. हात, डोकं, गुडघा, जे हलेल तिथे एक मोठं बटण म्हणजे स्विच लावायचा, स्क्रीनवर एकेक खाना उजळत जातो, हवा तो आला की मूल दाबतं. आपली वर्णमाला यासाठी जणू बेतूनच ठेवलीये. ‘म’ हे पंचविसावं अक्षर, एकेक मोजत गेलं तर पंचवीस पायऱ्या थांबावं लागेल. पण कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग अशा आधी ओळी उजळल्या आणि मग ओळीतली अक्षरं, तर पाच आणि पाच, दहा पायऱ्यांत काम झालं, ‘त’ला तर पाचच. मशीन नसलं तरी चालतं, बाई कागदावर बोट ठेवून ओळी म्हणत जातात आणि मूल डोळे मिटून ‘हो’ सांगतं. वेळ लागतो. ‘मी’ लिहायला मिनिटभर लागू शकतं आणि बघणाऱ्याला राहवत नाही, तो शब्द पुरा करून टाकतो. तेवढं करू नये.

बाकी अडचणी थोडक्यात

लिहिताना हात दुखणाऱ्या मुलांना तिरका फळा, जाड पेन, कीबोर्ड, पुढचा शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर असं बरंच काही आहे. बोलून टाइप करणं सगळ्यांना सोपं वाटतं, पण ज्यांचे उच्चार अस्पष्ट आहेत त्यांचंच बोलणं मशीनला कळत नाही, म्हणजे जिथं गरज जास्त तिथंच ते दगा देतं. डिस्लेक्सियासाठीच्या खास फॉन्टचा गाजावाजा खूप झाला, तपासणीत वाचन ठळक सुधारल्याचं काही दिसलं नाही, त्यापेक्षा अक्षरांतलं आणि ओळींतलं अंतर वाढवणं बरं. शिवाय ते फॉन्ट रोमन लिपीतल्या ‘बी’ आणि ‘डी’च्या गोंधळासाठी, आपल्याकडे पोरं घ-ध आणि भ-म यांत अडकतात. साध्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापून पानावर सरकवली तरी काही मुलांची नजर ओळ सोडत नाही.

कर्णबधिर मुलांबाबत एक गैरसमज नेहमीचा, श्रवणयंत्र लावलं की ऐकू आलं. वर्गात पंखा, बाकांची खरखर, चाळीस पोरांचा गलका, यंत्र सगळंच मोठं करतं. म्हणून शिक्षकाच्या गळ्यात माइक आणि मुलाच्या कानाशी रिसीव्हर अशी वायरलेस सोय असते, आवाज थेट पोचतो. सबटायटलचा फायदा वाचता आल्यावरच होतो. खाणाखुणांच्या भाषेत वाढलेल्या मुलाला छापील भाषा ही दुसरी भाषा असते, त्यामुळे त्याला गोष्ट आधी त्याच्या भाषेत मिळावी लागते, व्हिडिओतून का होईना.

कपाटात पडलेली साधनं

१९९३ मध्ये अमेरिकेत २२७ प्रौढांच्या पाहणीत असं दिसलं की साधनांपैकी २९.३ टक्के वापरणं सोडून दिलेली होती, आणि एक मोठं कारण म्हणजे निवडताना वापरणाऱ्याला विचारलंच नव्हतं. मोठ्यांची ही गत तर मुलांना कोण विचारतंय. सहाय्यक तंत्रज्ञानाच्या तज्ज्ञ जॉय झबाला यांनी नव्वदच्या दशकात यावर एक क्रम सुचवला, आधी मूल, मग त्याचा परिसर, मग त्याला करायचं काम आणि साधन सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात बॉक्स आधी येतो आणि मग तो कुणाला द्यायचा याची शोधाशोध होते.

वर्गात वर्षभर वापरलेलं साधन परीक्षेत चालत नाही हीपण नेहमीची रड, तिथं लेखनिक घ्या म्हणतात, म्हणजे जे मूल स्वतः लिहायला शिकलंय त्याने आता दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायचं. आणि बॅटरी. बोलणारं उपकरण बंद पडलं की त्या मुलाचं बोलणंच बंद पडतं. जाणते शिक्षक म्हणूनच त्याच स्क्रीनची कागदी प्रत लॅमिनेट करून दप्तरात ठेवतात, खाने तेच, जागा त्याच, फक्त कोपऱ्यात एक खाना जास्तीचा, ‘माझं मशीन बंद पडलंय, थांबा, मला सांगायचंय.’