माँ ब्लांच्या यूटीएमबी शर्यतीसाठी अर्ज: पात्रता, सोडत आणि कागदपत्रे

फ्रान्समधल्या शामोनी गावातून शुक्रवारी संध्याकाळी निघायचे, माँ ब्लां पर्वताला वळसा घालत इटली आणि स्वित्झर्लंड पार करायचे आणि पुन्हा शामोनीत पोहोचायचे, अशी ही यूटीएमबी, म्हणजे 'अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लां', शर्यत आहे. ती २००३ पासून ऑगस्टच्या अखेरीस भरते. अंतर सुमारे १७० किलोमीटर, एकूण चढण सुमारे १०,००० मीटर आणि त्यासाठी दिलेला वेळ ४६ तास ३० मिनिटे, म्हणजे बहुतेक धावपटूंना दोन रात्री डोंगरात काढाव्या लागतात. हे शेवटचे वाक्य अर्जदाराने नीट लक्षात ठेवावे, कारण नियमावलीतल्या बहुतेक अटी या दोन रात्रींचा विचार करून घातलेल्या आहेत.

अर्जाचे पान भरायला फारसा वेळ लागत नाही. मात्र त्या पानावर जे मागितलेले असते, ते जमवायला एक-दोन वर्षे लागतात. शर्यतीची इच्छा झाली आणि डिसेंबरमध्ये थेट अर्ज करायला बसले, तर बहुतेकांना पहिल्याच पायरीवर थांबावे लागते. म्हणून येथे प्रक्रिया उलट्या क्रमाने न सांगता जिथे ती खरोखर सुरू होते तिथून, म्हणजे पात्रतेपासून सांगितली आहे.

पात्रता: इंडेक्स आणि रनिंग स्टोन

पात्रतेच्या दोन अटी आहेत आणि त्या एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. पहिली अट म्हणजे वैध यूटीएमबी इंडेक्स. इंडेक्स हा धावपटूच्या आधीच्या ट्रेल (डोंगर-जंगलातल्या पायवाटांवरच्या) शर्यतींतल्या कामगिरीवरून काढलेला आकडा असतो आणि तो २०के, ५०के, १००के आणि १००एम (के म्हणजे किलोमीटर, एम म्हणजे मैल) अशा चार वर्गांत स्वतंत्रपणे मोजला जातो. वर्ग ठरवताना नुसते अंतर पाहत नाहीत, चढणही हिशेबात घेतात. डोंगरी शर्यतींची तुलना करण्याची प्रचलित रीत अशी आहे की दर १०० मीटर चढण एक किलोमीटर सपाट अंतराइतकी धरायची. त्या हिशेबाने यूटीएमबीची ही शर्यत २७० किलोमीटरच्या घरात जाते, आणि सपाट रस्त्यावरच्या मॅरेथॉनचा अनुभव येथे पात्रतेसाठी का चालत नाही हे त्यावरून कळते.

शामोनीच्या त्या आठवड्यात तीन मुख्य शर्यती असतात आणि प्रत्येकीसाठी लागणारा इंडेक्स वेगळा आहे. स्वित्झर्लंडमधल्या ओर्सिएरहून सुटणारी ओसीसी साधारण ५५ किलोमीटरची आहे आणि तिच्यासाठी चारांपैकी कोणत्याही वर्गातला इंडेक्स चालतो. इटलीतल्या कूरमायरहून सुटणारी सीसीसी १०० किलोमीटरची, तिला ५०के किंवा त्यावरचा वर्ग लागतो. पूर्ण वळशाच्या यूटीएमबीसाठी मात्र १००के किंवा १००एम यांपैकी एका वर्गात इंडेक्स असलाच पाहिजे. हा इंडेक्स गेल्या चोवीस महिन्यांतल्या निकालांवर टिकून असतो. तीन वर्षांपूर्वी मोठी शर्यत पूर्ण केली आणि नंतर दुखापतीमुळे धावणे थांबले, तर तो अनुभव खरा असला तरी इंडेक्स हातात राहत नाही. ही अट काहींना अन्यायकारक वाटते. मला ती योग्य वाटते, कारण आयोजकांना तुमच्या आजच्या तयारीचा पुरावा हवा असतो.

दुसरी अट रनिंग स्टोनची. हे स्टोन म्हणजे सोडतीसाठी जमवायचे गुण. ते फक्त यूटीएमबी वर्ल्ड सिरीज या शर्यतींच्या मालिकेतली शर्यत दिलेल्या वेळेत पूर्ण केल्यावर मिळतात: २०के वर्गात १, ५०के वर्गात २, १००के वर्गात ३ आणि १००एम वर्गात ४. सिरीजमधल्या ज्या शर्यतींना 'मेजर' हा दर्जा आहे, तिथे हेच स्टोन दुप्पट मिळतात. स्पेनमधली वाल दारान ही त्यांपैकी एक. अर्ज करताना किमान एक स्टोन असावा लागतो आणि तो अलीकडच्या दोन वर्षांतला असावा लागतो.

सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. इंडेक्स अनेक शर्यतींतून मिळू शकतो, कारण मोजणीत घेतलेल्या शर्यती जगभर आहेत. स्टोन मात्र केवळ सिरीजमधल्या शर्यतींतूनच मिळतात. त्यामुळे एखाद्याकडे १००एमचा उत्तम इंडेक्स असतो आणि एकही स्टोन नसतो, तर दुसऱ्याकडे २०के शर्यतींचे चार स्टोन असतात पण यूटीएमबीसाठी लागणारा इंडेक्सच नसतो. दोघेही सोडतीत जाऊ शकत नाहीत. शिवाय आयट्रा या आंतरराष्ट्रीय संघटनेचाही एक स्वतंत्र इंडेक्स आहे. दोन्ही आकडे दिसायला सारखे असले तरी खाती वेगळी आहेत आणि आयट्राचा आकडा या अर्जात उपयोगी पडत नाही.

नावाचा प्रश्न

आपल्याकडच्या अर्जदारांनी एक गोष्ट आधीच तपासावी. पासपोर्टवर अनेकांच्या नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे असते. एका शर्यतीत पूर्ण नाव दिले, दुसरीत मधले नाव गाळले, तिसरीत आडनावाचे स्पेलिंग वेगळे लिहिले, की निकालांच्या नोंदीत एकाच माणसाची दोन-तीन खाती तयार होतात आणि इंडेक्स त्यांच्यात विभागला जातो. अर्जाची मुदत संपत आली असताना हे लक्षात येणे फार त्रासाचे असते. खाती एकत्र करून घेण्याची विनंती करता येते, पण तिला वेळ लागतो. त्यामुळे आधी पासपोर्ट समोर ठेवावा, नाव आणि जन्मतारीख त्यात आहे अगदी तशीच खात्यावर आहे का ते पाहावे, आणि पुढच्या प्रत्येक शर्यतीत तेच नाव, तीच अक्षरे वापरावीत.

पूर्वनोंदणी आणि सोडत

पूर्वनोंदणी साधारणपणे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास ऑनलाइन होते. एका वर्षी तीनपैकी एकाच शर्यतीसाठी नाव देता येते, म्हणून निवड विचारपूर्वक करावी. नंतर संगणकीय सोडत निघते. त्यात प्रत्येक स्टोनची एक चिठ्ठी धरली जाते. सात स्टोन असतील तर नावाच्या सात चिठ्ठ्या. नाव लागले नाही तर स्टोन खात्यावर शिल्लक राहतात आणि पुढच्या वर्षी त्यांत भर घालता येते. नाव लागून नोंदणी पूर्ण झाली की साठा शून्यावर येतो.

निवड झालेल्याने ठरलेल्या मुदतीत शुल्क भरून नोंदणी पक्की करायची असते. मुदत चुकली की जागा जाते आणि त्यावर दाद मागता येत नाही. बिब (अंगावर लावायचा धावपटूचा क्रमांक) दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, विकता तर मुळीच येत नाही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी रद्द करण्याच्या अटी आणि परताव्याचा विमा यांविषयीचा भाग शब्दशः वाचावा. गरोदर धावपटूंसाठी मात्र वेगळे धोरण आहे आणि त्यांना आपली जागा पुढच्या काळासाठी राखता येते. सोडतीशिवाय प्रवेशाचे काही मार्गही आहेत, उदाहरणार्थ अतिशय उच्च इंडेक्स असलेल्या अव्वल धावपटूंना थेट प्रवेश, आणि धर्मादाय संस्थेला ठरावीक देणगी देऊन घेतलेला बिब.

सोडतीची ही एकच रीत नाही, हेही येथे सांगायला हवे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स ही १००.२ मैलांची शर्यत ३६९ धावपटूंवर मर्यादित आहे. तिथे दरवर्षी पात्रता शर्यत पूर्ण करून अर्ज करणाऱ्याच्या चिठ्ठ्या १, २, ४, ८ अशा दुपटीने वाढतात आणि निवड झालेल्याने आठ तासांचे श्रमदान केल्याचा दाखलाही द्यावा लागतो. दोन्ही पद्धतींत वाट पाहणाऱ्याची शक्यता वाढते, पण वेस्टर्न स्टेट्समध्ये एका वर्षाचा अर्ज चुकला तर साठलेला क्रम तुटू शकतो. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

आरोग्याविषयीची कागदपत्रे

फ्रान्समध्ये धावण्याच्या स्पर्धांसाठी पूर्वी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागत असे. आता फ्रेंच ॲथलेटिक्स महासंघाचा पीपीएस हा ऑनलाइन उपक्रम आला आहे. त्यात हृदयविकाराची लक्षणे, जोखमीचे घटक आणि घ्यायची काळजी यांवरची माहिती पाहून शेवटी आपण ती वाचली असल्याची नोंद करायची असते आणि एक क्रमांक मिळतो. ज्या वर्षासाठी अर्ज करत आहात त्या वर्षाच्या नियमावलीत काय मागितले आहे तेच सादर करावे, आणि त्याची वैधता शर्यतीच्या दिवशी संपलेली नसावी. पीपीएस पुरेसा असला तरी चाळिशीनंतरच्या धावपटूने हृदयाची तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. ऑनलाइन माहिती पाहणे म्हणजे तपासणी नव्हे.

औषधांचाही प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा. स्पर्धेला उत्तेजक द्रव्यविरोधी नियम लागू असतात. ट्रामाडॉल हे वेदनाशामक १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे आणि पाठदुखीसाठी ते सहज लिहून दिले जाते. नियमित औषध चालू असेल तर प्रतिबंधित द्रव्यांच्या यादीत पाहावे आणि गरज असल्यास उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज काही आठवडे आधी करावा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या त्या यादीत नसल्या तरी शरीरातले पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांना धोकादायक ठरतात.

पासपोर्ट, व्हिसा, विमा

मार्ग तीन देशांतून जात असला तरी तिन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला एकच शेंगेन व्हिसा पुरतो. जास्तीत जास्त मुक्काम शामोनीत असेल तर अर्ज फ्रान्सकडे करावा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर भरतात, म्हणून मे-जूनमध्येच हे काम उरकलेले बरे. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. नोंदणी पक्की झाल्याचे पत्र अर्जासोबत जोडावे, कारण प्रवासाचा हेतू त्यातून स्पष्ट होतो.

हा विमा व्हिसासाठी पुरेसा असला तरी शर्यतीसाठी पुरेसा असेलच असे नाही. अनेक प्रवास विमा पॉलिसींत स्पर्धात्मक खेळ किंवा ठरावीक उंचीवरचे अपघात वगळलेले असतात. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातून हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेचा खर्च जखमी व्यक्तीकडून वसूल होतो, आणि २,५३७ मीटरवरची ग्रां कोल फेरे खिंड ओलांडली की तुम्ही स्वित्झर्लंडमध्ये असता. 'शोध व सुटका' आणि 'डोंगरी धावण्याची स्पर्धा' हे दोन्ही शब्द पॉलिसीत लिहिलेले आहेत का, ते पाहून घ्यावे.

सक्तीचे साहित्य

साहित्याची यादी कागदपत्रांमध्ये मोडत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बिब घेताना ती तपासली जाऊ शकते, वाटेतही तपासली जाते, आणि कमतरता आढळली तर वेळेचा दंड किंवा थेट अपात्रता होते. टोपी जोडलेले जलरोधक जाकीट किमान १०,००० श्मेर्बर (कापड पाण्याचा किती दाब सोसते याचे माप) दर्जाचे असावे लागते. हा आकडा जाकिटाच्या लेबलवर असतो, तो शोधावा. मग जाकीट उलटे करून शिवणींवरून बोट फिरवावे: आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर कापड कितीही चांगले असले तरी पाणी शिवणीतून आत येते. याखेरीज जलरोधक विजार, उबदार दुसरा थर, जलरोधक हातमोजे, सुट्या बॅटऱ्यांसह दोन हेडलॅम्प, किमान एक लिटर पाणी, किमान १.४० बाय २ मीटरची बचाव चादर, शिट्टी, चिकटणारे लवचीक बँडेज, खाण्याचा राखीव साठा, स्वतःचा पेला, ओळखपत्र आणि तिन्ही देशांत चालणारा, चार्ज केलेला फोन लागतो. हेडलॅम्पच्या बॅटऱ्या हातमोजे घालून, दिवा विझवून बदलण्याचा सराव घरीच करावा. मार्गातल्या कोल द ला सेन्य खिंडीत पहाटे गार वारा सुटलेला असताना बोटे आखडतात आणि छोटे झाकण उघडत नाही.

ही यादी २०१० आणि २०१२ च्या वादळी हवामानाची आठवण करून देते. २०१० मध्ये शर्यत थांबवावी लागली आणि २०१२ मध्ये मार्ग कमी करून फ्रान्समध्येच ठेवावा लागला. हवामानानुसार आयोजक थंडीचे किंवा उन्हाचे जादा साहित्य सक्तीचे करू शकतात, म्हणून ते आधीपासून सामानात असू द्यावे. काठ्या वापरायच्या असतील तर त्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळच ठेवाव्या लागतात. बदलायचे कपडे आणि बूट असलेली बॅग कूरमायरला पाठवता येते, पण काठ्या तिच्यात टाकता येत नाहीत.

बिब घेताना आणि शर्यत सोडताना

बिब स्वतः जाऊन, मूळ ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो. मित्राला पाठवून चालत नाही. मदतनीस आणणार असाल तर तो ले कॉन्तामिन, कूरमायर, शाम्पे, त्रियाँ आणि वालोर्सिन अशा ठरलेल्या ठिकाणीच, नेमून दिलेल्या जागेत मदत करू शकतो; हे त्याला लेखी द्यावे, कारण त्याने नियम मोडला तर दंड धावपटूला होतो.

शर्यत अर्धवट सोडण्याचीही ठरलेली रीत आहे. शक्य तितके जवळच्या केंद्रापर्यंत जाऊन तिथल्या अधिकाऱ्याला सांगायचे आणि बिब रद्द करून घ्यायचा. चालणे शक्य नसेल तर बिबवर छापलेल्या सुरक्षा क्रमांकावर फोन करायचा. न सांगता बसने हॉटेलवर गेलेल्या धावपटूसाठी रात्री शोधपथक निघू शकते, आणि त्या शोधाचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्याची तरतूद नियमावलीत आहे.