एकक-रूपांतर (प्राथमिक शिक्षण)

एकक-रूपांतर म्हणजे एकच राशी एका एककाऐवजी दुसऱ्या एककात मांडणे : २ मीटर लांबीलाच २०० सेंटिमीटर म्हणणे. प्राथमिक शाळेत ते लांबी, वजन, धारकता, वेळ आणि चलन या घटकांत येते. भारतात १९५६ च्या वजन-मापविषयक कायद्याने मेट्रिक पद्धत आली, शेर-मणाची कोष्टके हळूहळू मागे पडली आणि वेळ सोडता रोजची बहुतेक रूपांतरे १०, १०० व १००० या संख्यांवर आली. तरीही मुले येथे अडतात.

अडचणीचे मूळ गुणाकारात क्वचितच असते. एकक लहान झाले की संख्या मोठी होते, ही उलटी चाल मुलांना पटलेली नसते. ‘सेंटिमीटर लहान, म्हणून भागायचे’ असा तर्क करून ती ५ मीटरचे ०.०५ सेंटिमीटर करतात. म्हणून नियम सांगण्याआधी एकच वस्तू दोन एककांनी मोजून घ्यावी. बाकाची लांबी आधी वितीने आणि मग बोटांच्या रुंदीने मोजली की बोटांची संख्या कितीतरी जास्त भरते, आणि बाक मात्र तेवढाच असतो. पुढे १ लीटरची बाटली ५० मिलिलीटरच्या मापाने भरावी. २० मापे लागतात. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचावी, नाहीतर प्रत्येक मापात थोडी चूक राहते आणि विसाव्या मापाला बाटली सांडते किंवा अपुरी राहते. पट्टीची कड आणि शून्याची खूण बऱ्याचदा एका जागी नसतात, हेही आधीच दाखवावे.

मराठी मुलांना एक आयती सोय आहे : पाव, अर्धा, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. सव्वादोन किलो म्हणजे २२५० ग्रॅम, सव्वादोन मीटर म्हणजे २२५ सेंटिमीटर आणि सव्वादोन तास म्हणजे १३५ मिनिटे. ही तीन उत्तरे फळ्यावर शेजारी लिहिली की ‘पाव’ हा त्या-त्या एककाचा चौथा भाग आहे, ठरलेली संख्या नाही, हे दिसते. दुकानात पाव किलो रवा मागणाऱ्या मुलाला २५० ग्रॅम नव्याने शिकवावे लागत नाहीत.

सर्वांत चिवट चूक शून्याची. ३ मीटर ५ सेंटिमीटर म्हणजे ३५ सेंटिमीटर, किंवा २ किलो ५० ग्रॅम म्हणजे २५० ग्रॅम, असे लिहिले जाते. दोन्ही आकडे शेजारी चिकटवण्याची ही सवय आहे. उपाय दोन टप्प्यांचा : ३ मीटरचे ३०० सेंटिमीटर, त्यात ५ मिळवून ३०५, तसेच २००० अधिक ५० म्हणजे २०५० ग्रॅम. दशांश चिन्ह शिकवताना मीटर, डेसिमीटर, सेंटिमीटर अशी तीन घरे आखून ३, ०, ५ भरावेत, म्हणजे ३.०५ मीटर आपोआप निघते. किलोग्रॅमसाठी दशांश चिन्हानंतर तीन घरे लागतात. दोनच घेतली की २.०५० ऐवजी २.५० होते. पूर्वी हे काम रुपये-पैशांवर भागत असे. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत आणि पैसे आता मुलांच्या हाताळण्यातच नसतात, त्यामुळे सुरुवात मीटर-सेंटिमीटरनेच केलेली बरी.

किलो, हेक्टो, डेका, मूळ एकक, डेसी, सेंटी, मिली ही शिडी अनेक वर्गांत पहिल्याच दिवशी येते. पायऱ्या मोजून शून्ये चढवणे मुलांना पटकन जमते, पण दिशा चुकली तर ते त्यांच्या लक्षात येत नाही. शिडी शेवटी, उजळणीपुरती ठेवावी. उत्तर लिहिण्याआधी ‘संख्या वाढेल की घटेल?’ हे तोंडी सांगायला लावणे शिडीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

वेळेत तर शिडी चालतच नाही. एसटी ९:४० ला सुटून १२:१५ ला पोहोचली, तर प्रवास किती? हातचा १०० चा घेणारे मूल २ तास ७५ मिनिटे लिहिते. ६० चा हातचा घेतला की ११ तास ७५ मिनिटांतून ९ तास ४० मिनिटे जाऊन २ तास ३५ मिनिटे उरतात. १० वाजेपर्यंत २० मिनिटे, १२ पर्यंत २ तास, वर १५ मिनिटे, अशा उड्या मारून पडताळा घ्यावा. त्याचप्रमाणे १.५ तास म्हणजे १ तास ५० मिनिटे नव्हे.

मिलिलीटर आणि ग्रॅम यांची गल्लतही वेळीच सोडवावी. १ लीटर पाणी साधारण १ किलो भरते, म्हणून मुले तेलालाही तोच हिशेब लावतात. खाद्यतेलाच्या १ लीटरच्या पिशवीवर सुमारे ९१० ग्रॅम वजन छापलेले असते. रिकामी पिशवी वर्गात आणून ते वाचून दाखवावे. धारकतेवरून वजन काढणे हे रूपांतर नाही, त्याला पदार्थ माहीत असावा लागतो.

डझन, ग्रोस, दस्ता, रीम ही मोजणीची एकके शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत भेटतात : १२ डझन म्हणजे १ ग्रोस, २४ कागदांचा दस्ता, २० दस्त्यांची रीम, म्हणजे ४८० कागद. दुकानातील झेरॉक्सच्या कागदाच्या रीममध्ये मात्र ५०० कागद असतात. एखादे मूल वेष्टणावरचा आकडा वाचून शंका काढते, तेव्हा दोन्ही आकडे सांगावेत आणि परीक्षेत ४८० धरावेत.