तलम पायमोजे, पुरुषांचे

तलम पायमोजे, पुरुषांचे : आतली त्वचा दिसावी इतके पातळ विणलेले आणि गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत किंवा थेट कमरेपर्यंत येणारे मोजे काही पुरुष गरजेपोटी वा आवडीपोटी वापरतात, त्या वापराची कारणे या नोंदीत दिली आहेत. ग्रामीण विदर्भात ‘होजिअरी’ म्हटले की बनियन-चड्डी डोळ्यांपुढे येते आणि या मोज्यांना सर्वमान्य असे नाव नाही. तालुक्याच्या गावी कटलरीच्या दुकानात ते ‘स्किन कलरचे मोजे’ म्हणून मागितले जातात, तर मेडिकलमध्ये त्यांचे घट्ट भाऊबंद ‘नसांचे मोजे’ म्हणून मिळतात. पहिले नाव बाईच्या वस्तूचे समजले जाते आणि दुसरे रुग्णाच्या. त्यामुळे ज्या पुरुषाला ते सहज घालावेसे वाटतात, त्याला दुकानात उभे राहून काय मागावे हेच कळत नाही.

मोज्याचा तलमपणा डेनिअर या मापात सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्या धाग्याचे डेनिअर होय. म्हणजे १५ डेनिअरचा धागा नऊ किलोमीटर लांब असूनही केवळ १५ ग्रॅम भरतो. साधारणपणे २० डेनिअरच्या आतील मोज्यातून त्वचा स्पष्ट दिसते आणि ४० च्या पुढे ती झाकली जाऊ लागते. विदर्भ हा कापसाचा मुलूख असला तरी या मोज्यांत कापूस जवळजवळ नसतो. कापसाचे तंतू आखूड असतात, ते पिळून सूत काढावे लागते आणि त्या सुताच्या अंगावर बारीक रोवे राहतात. नितळ, पारदर्शक वीण साधायची तर सलग धागाच लागतो, आणि तो पूर्वी रेशमाचा होता, आता नायलॉनचा आहे. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन प्रथम तयार झाले आणि १५ मे १९४० रोजी त्याचे मोजे अमेरिकाभर विक्रीस आले. पुढे १९५८ मध्ये जोसेफ शिव्हर्स यांनी त्याच कंपनीत स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा धागा शोधला. आजचा मोजा पायावर न घसरता बसतो, तो मुख्यतः या धाग्यामुळे.

हे वस्त्र बाईचेच, हा समज इतिहासाला धरून नाही. मध्ययुगीन युरोपात पायाला घट्ट बसणारे लांब मोजे हा पुरुषी पोशाखाचा भाग होता आणि ते वरच्या अंगरख्याला नाड्यांनी बांधत. इंग्लंडमधील विल्यम ली यांनी १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले, तेव्हा स्त्री-पुरुष दोघेही मोजे वापरत, परंतु चारचौघांत दिसत ते पुरुषांचे, कारण स्त्रियांचे पाय घोळदार वस्त्राखाली झाकलेले असत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे यासँत रिगो यांनी १७०१ मध्ये रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात साठी ओलांडलेला हा राजा पांढऱ्या रेशमी मोज्यांतला पाय मुद्दाम पुढे करून उभा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर गुडघ्यापर्यंतची तुमान व रेशमी मोजे सरदारी थाटाचे चिन्ह ठरले, लांब पॅंट रूढ झाली आणि पुरुषाचा पाय दिसेनासा झाला. विसाव्या शतकात स्त्रियांचे झगे आखूड झाले, तसा मोजा त्यांच्या पायावर दिसू लागला व तेथेच स्थिरावला.

विदर्भाने युरोपचे मोजे वापरले नाहीत, पण पुरुषाच्या पायावरचे तलम वस्त्र येथे अनोळखी नव्हते. नागपूर, उमरेड, पवनी या भागांतील कोष्टी विणकरांची रेशीमकाठी तलम धोतरे नावाजलेली होती. नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि गिरणीचे कापड स्वस्त झाले, तरी लग्नकार्यात हातमागाच्या बारीक सुताचे धोतर नेसणे हा ऐपतीचा आणि रसिकतेचा पुरावा मानला जाई. चांगले धोतर उन्हात चालताना आतल्या पोटरीची रेघ दाखवते, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकतो, आणि त्या कोशाच्या रेशमाचे उपरणे पूजेला बसलेला पुरुष आजही मिरवतो. तेव्हा पुरुषाच्या अंगाला तलमपणा शोभत नाही, हे मत येथल्या परंपरेतून आलेले नाही. पॅंट सार्वत्रिक झाल्यानंतर ते रुजले असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वापराच्या कारणांत सर्वांत ठोस कारण शरीराचे आहे. पायातील अशुद्ध रक्त हृदयाकडे वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नसांमध्ये, झडपा असतात. तासन्‌तास एका जागी उभे राहणाऱ्याच्या पोटऱ्या हालत नाहीत, रक्त खाली साचते, झडपा ढिल्या पडतात, आणि पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या गाठी उमटतात. सलूनमधील कारागीर, एसटीचा वाहक, शाळेतील मास्तर, लग्नाच्या पंगतीचा आचारी, या सर्वांना हा त्रास ओळखीचा आहे. संध्याकाळी घोट्याच्या वर अंगठा दाबून उचलला की तेथे काही वेळ खळगा राहतो. ‘पाय भरून आले’ असे म्हणतात ते हेच. यावरचा श्रेणीबद्ध दाबाचा मोजा घोट्यापाशी सर्वाधिक घट्ट असतो आणि वर चढताना सैल होत जातो. स्वतः नीलांच्या विकाराने त्रस्त असलेले जर्मन वंशाचे अमेरिकेतील अभियंता कॉनराड जॉब्स्ट यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रकार विकसित केला. पोहण्याच्या तलावात उभे असताना पाय हलके वाटतात, कारण पाण्याचा दाब खाली अधिक व वर कमी असतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

सौम्य दाबाचे मोजे, म्हणजे पाऱ्याच्या १५ ते २० मिलिमीटर दाबाचे, तलम विणीतही येतात. जाड वैद्यकीय मोज्यापेक्षा ते अनेक पुरुषांना सोयीचे वाटतात, कारण पॅंटखाली ते फुगत नाहीत, बुटात मावतात आणि उन्हाळ्यात तुलनेने कमी उकडतात. तरीही विदर्भात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा कोणताही नायलॉनचा मोजा दिवसभर सोसणे कठीणच. नायलॉन घाम फारसा शोषत नाही. कापसाचा तंतू सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, तर नायलॉन चार टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे बोटांच्या बेचक्यांत नायटा होण्याची भीती राहते. ज्याच्या पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत किंवा मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली आहे, त्याने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दाबाचा मोजा घालू नये. येथे चूक झाली तर जखम होते आणि ती लवकर भरत नाही. पूर्व विदर्भात हत्तीरोग दीर्घकाळ ठाण मांडून आहे. त्याच्या सुजेसाठी पाय रोज धुणे, कोरडा ठेवणे, उंचावर टेकवणे आणि योग्य दाब देणे हे उपाय आहेत, पण तेथे लागणारा मोजा जाड असतो व तो मापाने घ्यावा लागतो. कटलरीतला तलम मोजा त्याची जागा घेऊ शकत नाही.

घर्षण आणि थंडी ही कारणे लहान असली तरी खरी आहेत. लांब धावणाऱ्याच्या किंवा सायकल हाकणाऱ्याच्या मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात, तेथे गुळगुळीत थर उपयोगी पडतो. हिवाळ्यात विदर्भातला पारा एक अंकी आकड्यावर येतो, आणि कृषिपंपाची वीज रात्री मिळाली तर गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी शेतकऱ्याला काळोखात वावरात उभे राहावे लागते. पॅंटखालचा पातळ थर थोडी हवा धरून ठेवतो आणि भिजला तर लवकर वाळतो. मात्र बांधावर शेकोटी पेटवणाऱ्याने जपले पाहिजे, कारण नायलॉन जळताना वितळते आणि कातडीला चिकटते. पऱ्हाटीतून किंवा कुसळाच्या गवतातून तलम मोजा उघडा घालून चालणे तर व्यर्थच. दहा पावलांत त्याची जाळी होते.

ज्यांना आजार नाही आणि थंडीही वाजत नाही, असे पुरुषही हे मोजे घालतात. त्यांचे कारण स्पर्शाचे असते. सर्व बाजूंनी सारखा, हलका दाब पायाला धरून राहतो, पॅंटचे कापड त्यावरून सरकते आणि पाऊल टाकताना प्रत्येक वेळी ते जाणवते. काहींना पायाचा आकार आणि त्वचेचा एकसारखा रंग आवडतो. काहींना त्यातून स्वतःतील स्त्रीत्वाला वाट मिळते, आणि पारलिंगी व्यक्तींसाठी तर तो आपण कोण आहोत याचाच भाग असतो. काहींच्या बाबतीत या आवडीला लैंगिक ओढ जोडलेली असते. ही कारणे एकमेकांत मिसळतात आणि एकाचे कारण दुसऱ्याला चिकटवणे अन्यायाचे ठरते. पायाच्या नसा दुखतात म्हणून मोजा घालणाऱ्यावर जो संशय घेतला जातो, तो ज्याला केवळ तो आवडतो त्याच्यावरही घेण्याचे कारण नाही. अमेरिकन फुटबॉलमधील नावाजलेला खेळाडू जो नेमथ याने १९७४ मध्ये अशा मोज्यांच्या जाहिरातीत स्वतःचे पाय दाखवले होते, तेव्हा त्याच्या पुरुषत्वाची ख्याती होती तशीच राहिली.

वैद्यकशास्त्राची भूमिकाही बदलली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आणि दुसऱ्या लिंगाचे समजले जाणारे कपडे घालण्याच्या आवडीला विकार मानणारी जुनी नोंद तीतून काढून टाकण्यात आली. भारतात पुरुषाने असे वस्त्र घालू नये असा कोणताही कायदा नाही; उलट सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रकरणात पोशाखातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा संविधानाच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तीचा भाग मानला.

गावात प्रश्न कायद्याचा नसतो, ‘काहून घातलं बुवा हे?’ या एका वाक्याचा असतो. खडी गंमत या विदर्भातील लोकनाट्यात पुरुष नाच्या लुगडे नेसून नाचतो तेव्हा तो कोणाला खटकत नाही, कारण ते रंगमंचावरचे सोंग आहे असे सारे गाव मानते. तोच पोशाख घरात आला की नजर बदलते. याच्या उलट बाजूचे उदाहरण मात्र दर हंगामात डोळ्यांसमोर असते. कापूस वेचणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवते, मनगटापर्यंत बटणे लावते आणि वरून डोक्याला रुमाल बांधते. बोंडांच्या टोकांनी हात ओरबाडू नयेत, ऊन लागू नये, एवढाच तिचा हेतू असतो, आणि पुरुषाचा शर्ट का घातला असे तिला वावरातले कोणीही विचारत नाही. अंगाच्या गरजेसाठी वस्त्राने ओलांडलेली ही सीमा आहे, आणि ती एका दिशेने इतकी सहज ओलांडली जाते की कोणाच्या लक्षातही येत नाही.

वापराच्या रीतीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. मोजा ओढून चढवत नाहीत. तो दोन्ही अंगठ्यांनी बोटांच्या टोकापर्यंत गोळा करून घ्यावा, पाऊल आत घालावे आणि टाच जागेवर बसल्यावर हळूहळू वर सोडावा. काळ्या मातीत अनवाणी फिरलेल्या पायाच्या टाचेला भेगा असतात, त्यांच्या कडेला धागा अडकतो आणि एक फास सुटला की वीण वरपर्यंत उसवत जाते. म्हणून आदल्या रात्री टाचांना खोबरेल लावावे, सकाळी पाय कोरडे पुसावेत व नखे कापलेली असावीत. दाबाचा मोजा सकाळी अंथरुणातून उठताच, सूज चढण्यापूर्वी घालतात आणि झोपताना काढतात. तो रोज थंड पाण्यात साध्या साबणाने धुवावा, पिळू नये, उन्हात टाकू नये. तीन ते सहा महिन्यांत त्याची ताण धरण्याची शक्ती कमी होते व तो बदलावा लागतो. वाळत घालण्यासाठी सावली हवी, आणि अंगणातील दोरीवर सावली बहुधा असतेच. पण घरातील पुरुषाचा मोजा तेथे न टांगता माजघरातल्या खुंटीला, टॉवेलखाली टांगलेला आढळतो.