ड्यूटी सायकल की अंदाजाने जागवणं?

"आमचे नोड झोपतात, म्हणून बॅटरी वाचते." वायरलेस सेन्सर नेटवर्कच्या व्हायवाला हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. नोड म्हणजे अशा नेटवर्कमधली सेन्सर आणि रेडिओ असलेली, बॅटरीवर चालणारी छोटी पेटी. नोडमधलं काय झोपतं, आणि कोणाच्या सांगण्यावरून उठतं, एवढं विचारलं की ड्यूटी सायकल आणि अंदाजाने जागवणं यांची खिचडी होते.

समजा, आरे कॉलनीच्या कडेने रात्री फिरणाऱ्या बिबट्याचा माग ठेवायचाय. तीस-तीस मीटरवर नोड लावलेत. प्रत्येकात हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर, एक रेडिओ आणि दोन पेन्सिल सेल.

ड्यूटी सायकल घड्याळावर चालते. सोसायटीचा वॉचमन चोर येवो न येवो, तासातासाला राउंड मारतो, तसं. नोड ठरल्या वेळी उठतो, क्षणभर ऐकतो, पुन्हा झोपतो. सीसी२४२० हा जुना, प्रोजेक्टमध्ये हमखास भेटणारा रेडिओ घ्या. ऐकताना तो सुमारे १९ मिलीअँपिअर खातो, पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४. नुसतं कान देऊन बसणं बोलण्यापेक्षा महाग! सेल २५०० मिलीअँपिअर-तासांचे धरले तर अखंड ऐकणारा नोड साडेपाच दिवसांत आडवा. शंभरातला एकच भाग जागा ठेवला तर कागदावर दीड वर्ष निघतं. प्रत्यक्षात कमीच, कारण झोपेतही थोडा करंट जातो आणि सेल आपसूकही उतरतात.

अंदाजाने जागवणं घड्याळाकडे बघत नाही, बिबट्याकडे बघतं. ज्या नोडांना तो दिसला ते त्याची दिशा आणि वेग काढतात, बहुतेकदा १९६० सालच्या काल्मन फिल्टरने (आधीच्या मोजमापांवरून पुढची जागा ताडणारं गणित), आणि वाटेतल्या पुढच्या दोन-तिघांनाच उठवतात. पलीकडच्या बिल्डिंगच्या वॉचमनने शिट्टी मारून "तुमच्याकडे येतोय" सांगावं, तसं.

पण झोपलेल्याला शिट्टी ऐकू कशी येणार? मुलं अडखळतात ती इथेच. सेन्सर अंदाजाने उठवता येतो. ती हाक ऐकायला रेडिओ मात्र अधूनमधून स्वतःहून उठावा लागतो, नाहीतर त्यासाठी अगदी कमी करंटचा वेगळा वेक-अप रेडिओ लागतो. माझ्या एका गटाने फिल्टर सुरेख बसवला होता, पण हाक चुकू नये म्हणून रेडिओ सतत चालू ठेवला. सहाव्या दिवशी सकाळी लॅबमधला एकही नोड बोलेना. मुलांचे चेहरे बघवत नव्हते. मीच आधी विचारायला हवं होतं.

मग रेडिओने झोपायचं किती? ते लक्ष्याच्या वेगावर. बिबट्या सेकंदाला मीटरभर चालला तर पुढचा नोड तीस सेकंदांवर. रेडिओ दर पाच सेकंदांनी उठला तरी पुरतं. त्याच वाटेने सेकंदाला दहा मीटरने मोटारसायकल आली तर हाती तीनच सेकंद. हाक पोचेपर्यंत ती निघूनही गेलेली असू शकते.

कडेचे काही नोड पाळीपाळीने जागे लागतातच, नाहीतर पहिली शिट्टी मारणार कोण? आणि अंदाज चुकला की शेवटच्या जागेभोवतालचं कडं उठवायचं, नाही सापडला तर त्याबाहेरचं. दर कड्याला खर्च वाढतो. बिबट्या कधी कुठे गेलेलाच नसतो, दगडाआड नुसता बसलेला असतो, आणि पीआयआरला न हलणारं शरीर दिसत नाही. म्हणून मी मुलांना सांगते, ज्याला तो शेवटचा दिसला त्या नोडला लगेच झोपू देऊ नका.