हजार किलोमीटर काच आणि एकटा फोटॉन

२०२३ साली चिनी शास्त्रज्ञांनी १००२ किलोमीटर लांबीच्या ऑप्टिकल फायबरमधून क्वांटम पद्धतीने गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारी बिटांची मालिका, पाठवून दाखवली. वेग होता सेकंदाला ०.००३४ बिट. म्हणजे एक बिट हाती यायला जवळजवळ पाच मिनिटं. तसल्याच काचेच्या तारेतून आपल्या घरात सेकंदाला कोट्यवधी बिट येतात, मग या गोगलगायीला विक्रम का म्हणायचं?

अशा क्वांटम किल्लीची सुरुवात बेंगळुरूत झाली, हे आपल्याकडेही फारसं कुणाला ठाऊक नसतं. डिसेंबर १९८४ मध्ये तिथल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांचा निबंध मांडला गेला. बेनेट आयबीएमचे, ब्रासार मॉन्ट्रियल विद्यापीठाचे. दोघांची गाठ पडली १९७९ मध्ये, पोर्तो रिकोच्या समुद्रात पोहताना. बेनेट पोहत जवळ आले आणि ओळखदेख नसताना नक्कल न करता येणाऱ्या नोटांबद्दल बोलू लागले. ती कल्पना स्टीफन वीझनर या त्यांच्या मित्राची. त्याचा लेख एका नियतकालिकाने साभार परत केला होता. तो छापून यायला १९८३ साल उजाडलं.

बेंगळुरूच्या निबंधाला आज सगळे ‘बीबी८४’ म्हणतात. त्यातली युक्ती अशी: किल्लीचा एकेक बिट एकेका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, ध्रुवणावर (कंपनाच्या दिशेवर) लिहायचा, आणि त्यासाठी दिशा मोजायच्या उभ्या-आडव्या आणि तिरक्या अशा दोन पट्ट्यांपैकी कोणती वापरली ते आधी सांगायचं नाही. मधे कुणी फोटॉन पकडून मोजला, तर चुकीची पट्टी लावण्याची शक्यता निम्मी, आणि चुकीची लावली की फोटॉन बिघडतो. पुढे दोन्ही टोकं काही बिट उघडपणे ताडून पाहतात. चुका प्रमाणाबाहेर निघाल्या, तर किल्ली टाकून द्यायची. चोराने फोटॉनची प्रत काढून मूळ पुढे सोडलं तर? अनोळखी क्वांटम स्थितीची प्रत निघूच शकत नाही, हे वूटर्स-झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ मध्येच सिद्ध केलं होतं. याच नियमाने पुढे चोराला अडवलं आणि अभियंत्यांनाही.

पहिला प्रयोग १९८९ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत झाला. अंतर साडेबत्तीस सेंटिमीटर, तेही हवेतून. ध्रुवण फिरवणाऱ्या उपकरणाचा वीजपुरवठा प्रत्येक स्थितीला वेगळा आवाज करायचा. त्यामुळे ही यंत्रणा फक्त बहिऱ्या चोरापासून सुरक्षित होती, अशी थट्टा ब्रासार यांनीच नंतर केली. ही थट्टा विसरू नये. २०१० मध्ये बाजारात विकली जाणारी यंत्रं प्रखर प्रकाशाने त्यांचे डिटेक्टर (फोटॉन टिपणारे भाग) ‘आंधळे’ करून फोडून दाखवली गेली. सिद्धान्त तसाच शाबूत होता. गळती यंत्रात होती.

हवेतून काचेत यायला फार वेळ लागला नाही. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये १० किलोमीटर फायबरवर प्रयोग झाला. मग जिनिव्हाच्या निकोलस गिसां यांच्या गटाने प्रयोगशाळेतलं रीळ सोडून टेलिफोन कंपनीची खरीखुरी तार घेतली: सरोवराच्या तळाने गेलेली, जिनिव्हा ते न्योन, २३ किलोमीटर. अशा तारेत तापमान बदललं की ध्रुवण सरकतं, म्हणून त्यांनी पुढे प्रकाश त्याच वाटेने परत आणून बिघाड आपोआप मिटवणारी रचना काढली आणि २००२ मध्ये जिनिव्हा ते लोझान, ६७ किलोमीटर गाठले.

इथून पुढे प्रत्येक किलोमीटर महाग पडू लागला, आणि त्याचं कारण काच. चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये शुद्ध काचेतून प्रकाश लांबवर नेता येईल असं मांडलं, तेव्हा किलोमीटरला २० डेसिबलची घट, म्हणजे शंभरात एक भाग प्रकाश उरणं, हेही स्वप्न होतं. आज चांगल्या फायबरमध्ये ती सुमारे ०.२ डेसिबल आहे. तरी १०० किलोमीटरवर शंभरातला एकच फोटॉन पोहोचतो. हजार किलोमीटरवर एकावर वीस शून्यांमधला एक. सेकंदाला हजार कोटी फोटॉन सोडले, तरी एक पलीकडे जायला ३१७ वर्षं. साताऱ्यात १७०८ मध्ये शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्या दिवशी यंत्र चालू केलं असतं, तर पहिला फोटॉन आत्ता कुठे पोहोचला असता!

साध्या इंटरनेटला ही अडचण नाही, कारण वाटेत ठिकठिकाणी अँप्लिफायर असतात. अँप्लिफायर म्हणजे एका फोटॉनचे अनेक करणारं यंत्र, आणि तेच इथे निषिद्ध. एकाची हुबेहूब प्रत निघत नाही, म्हणूनच तर किल्ली सुरक्षित.

चीनने २०१७ मध्ये बीजिंग-शांघाय मार्ग सुरू केला, तो दोन हजार किलोमीटरचा. पण त्यात ३२ ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यात किल्ली उघडी होते आणि पुढच्या टप्प्यासाठी नव्याने झाकली जाते. म्हणजे दर साठ-पासष्ट किलोमीटरवर एका खोलीवर आणि तिथल्या माणसांवर विश्वास ठेवायचा. जाहिरातीत दोन हजारचा आकडा मोठा छापला जातो आणि ठाणी बारीक अक्षरांत, हे मला खटकतं.

२०१८ मध्ये केंब्रिजमधल्या तोशिबाच्या गटाने वेगळी वाट काढली. दोन्ही टोकांनी प्रकाशाचे अतिक्षीण स्पंद मध्यावर पाठवायचे आणि तिथे त्यांचं व्यतिकरण, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून काय होतं ते, पाहायचं. एका फोटॉनला निम्मंच अंतर कापावं लागतं, आणि मधल्या ठाण्यावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. दोन दूरच्या लेसरांची लय मात्र जुळवून ठेवावी लागते, तीही तारेची लांबी क्षणोक्षणी सूक्ष्म बदलत असताना. हजार किलोमीटरचा विक्रम याच पद्धतीचा, अर्थात प्रयोगशाळेतल्या रिळांवर. २०२५ मध्ये तोशिबानेच जर्मनीत फ्रँकफुर्ट ते केल या २५४ किलोमीटरच्या चालू दूरसंचार जाळ्यावर सेकंदाला ११० बिट मिळवले, तेही अतिशीत डिटेक्टरशिवाय. मला हा आकडा हजार किलोमीटरपेक्षा मोलाचा वाटतो.

खरा उपाय १९९८ पासून कागदावर आहे. ब्रीगेल, ड्यूर, सिराक आणि त्सोलर यांचा क्वांटम रिपीटर: वाटेचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या टोकांमध्ये एंटँगलमेंटची, म्हणजे दूर असूनही एकमेकांशी क्वांटम नात्याने बांधलेल्या कणांची, जोडी बसवायची, ती क्वांटम स्थिती साठवणाऱ्या स्मृतीत धरून ठेवायची आणि शेवटी तुकडे सांधायचे. अडतं ते स्मृतीपाशी. हार्वर्डच्या गटाने २०२४ मध्ये हिऱ्यातल्या दोषांची स्मृती वापरून बॉस्टन परिसरातल्या ३५ किलोमीटर फायबरवर दोन टोकं जोडली. हजार किलोमीटरसाठी अशा कित्येक कड्या लागतील.

भारतात डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल हे शंभराहून अधिक किलोमीटरचं अंतर आधीच टाकलेल्या व्यावसायिक फायबरवर पार केलं. एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली. क्वांटम संचाराचं काम आयआयटी मद्रास आणि सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे गेलं. आयआयटी मुंबईच्या वाट्याला संवेदन आणि मापन आलं. मिशनच्या उद्दिष्टांत शहरा-शहरांमधला दोन हजार किलोमीटरचा मार्ग आहे. रिपीटर हाती येईपर्यंत तोही बीजिंग-शांघायसारखा ठाण्याठाण्यांनीच जाईल.